शेरा

अर्धा किलो माती लागते.
नऊ इंच खोल खड्डा, नागमोडी फिरत दहा ठिकाणची,
चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे,
असं भिंतीवर लिहिलंय. पण लोक
बांधावरूनच ओंजळभर उचलतात
आणि खताच्या रिकाम्या पिशवीत घालून आणतात.
मग मी खत मोजतो की वावर, देव जाणे.

एकोणीस वर्षं झाली यावलच्या या खोलीत.
अर्जात एक रकाना आहे : पाणी किती खोल.
मी लागलो तेव्हा म्हातारे हातांत सांगायचे,
साठ हात, सत्तर हात.
मग सगळे फुटांत सांगू लागले.
आता आठशे म्हणतात, नऊशे,
आणि म्हणताना खिडकीतून सातपुड्याकडे बघतात,
जणू पाणी तिकडे उंचावर ठेवलंय.

चंबूत मातीवर नारिंगी द्रावण, त्यावर आम्ल.
चंबू हाताला चटका देतो.
मातीत कर्ब असेल, म्हणजे कुजलेलं काही,
कोणाच्या तरी मरणाचं उरलेलं,
तर नारिंगी हळूहळू हिरवं होत जातं.
नसेल तर नारिंगीच राहतं.

बाहेर खिडकीभर केळी, मृगबाग, कांदेबाग,
डोळे निवतील इतकी हिरवी.
आत मांडणीवर ओळीनं
नारिंगी, नारिंगी, नारिंगी.

भालोदच्या द्वारकाबाई फेगडे
दोन नमुने घेऊन आल्या होत्या.
एक पिशवीत, दुसरा पदराच्या गाठीत.
गाठीतला बांधावरच्या निंबाखालचा,
जिथं ट्रॅक्टर वळत नाही, नळी पोचत नाही,
दुपारी बायका भाकरी सोडतात.
शून्य पूर्णांक एकोणीस. एक पूर्णांक चार.
आकडे त्यांना कळेनात, म्हणून मी चंबूच दाखवले.
बराच वेळ बघून म्हणाल्या,
‘हे आमचं. अन् ते कोनाचं हाये, भाऊ?’
म्हटलं, दोन्ही तुमचीच.
‘पन तिथं तं आम्ही काहीच केलं नाही.’
मी काही बोललो नाही. त्याही.

त्या वर्षी घड कापल्यावर
खोडं नाल्यात फेकू दिली नाहीत त्यांनी.
कोयत्यानं तुकडे करून सरीतच अंथरली.
सून रागावली, साप निघतील म्हणून.
शेजारी हसले. चवळी पेरली, ताग पेरला,
फुलोऱ्यात आला तसा गाडला,
आणि बिघाभर केळी मोडून दादर लावली.
पहिल्या खेपेला घड अडीच किलोनं उतरला,
हे त्या स्वतःच सांगतात, लपवत नाहीत.
मुलगा दोन महिने धड बोलला नाही.

एकोणीस. बावीस.
मग पुन्हा एकवीस (त्या दिवशी मला
त्यांच्यासमोर बसवेना).
यंदा एकतीस.
छापील अहवालात यालाही ‘कमी’च म्हणतात.
चंबूत मात्र काठाशी,
शेवाळाचा वास घेतल्यासारखी,
किंचित हिरवी झाक.

यंदाचा नमुना सावलीत कागदावर पसरला
तर माती हलली.
गांडूळ. करंगळीच्या पेराएवढं,
आपली चूक झाल्यासारखं अंग चोरून.
माती वाळवायची, कुटायची, चाळायची असा नियम आहे.
गांडुळासाठी रकाना नाही.
नत्र आहे, स्फुरद आहे, पालाश, जस्त, लोह,
सामू, क्षारता, गट नंबर, मोबाइल.
शेवटी ‘शेरा’, त्यात आम्ही कोणी कधी काही लिहीत नाही.
मी लिहिलं : नमुन्यात गांडूळ. जिवंत.

साहेब म्हणाले, खोडा ते.
नमुना अशुद्ध ठरेल.

साडेपाचला चहाच्या ग्लासात ओली माती घेतली,
वर ओला रुमाल,
आणि भालोदची एसटी धरली.
कंडक्टरनं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
मी तिकीट एकाचंच काढलं.